आज मर किती?

"पप्पा, आपल्या शेडवर मेलेल्या कोंबड्या जातात कुठं?"

प्रश्न कर्ण्यातून असा घुमला, की मंडपाच्या कडेला झोपलेलं कुत्रं दचकून उठून बसलं. मागच्या रांगेत सुकेशनीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. पैज तिनंच लावली होती.

"लई धीट झाली ना तू? मग विचार की तुझ्या बापाला. माइकवर. सगळ्यांसमोर. नाय विचारलं तर दहावी होईपर्यंत तुला खुराडं म्हणणार."

खुराडं हे नाव काही नवं नव्हतं. करुणा वर्गात आली की पोरी नाकाला ओढणी लावायच्या, आणि ती बाकावर बसली की शेजारची मुद्दाम सरकून खिडकीला चिकटायची. गेल्या वर्षीपर्यंत करुणा यावर घरी जाऊन रडायची. पण यंदा तालुक्याच्या कबड्डीत एकाच चढाईत चौघींना बाद करून ती परत आली, आणि तेव्हापासून या नववीतल्या पोरीचं सगळंच बदललं. आवाज चढला, मान ताठ झाली, वर्गात सरांच्या आधी हिचंच उत्तर. आपल्याला आता कशाचीच भीती वाटत नाही, हा शोध तिला इतका आवडला होता, की ती दिवसातून दहा वेळा तो तपासून बघायची.

आजही तेच. विज्ञान दिनाचा कार्यक्रम, शाळेचं पटांगण, मंचावर हेडसर, सरपंच, आणि मधल्या खुर्चीत फेटा बांधलेला तिचा बाप कडूबा. 'प्रगतिशील कुक्कुटपालक' असं फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं. जो माणूस लहानपणी मेंढरांमागं अनवाणी फिरला, तो आता कंपनीची पिल्लं आणून वाढवतो, गाडीतून हिंडतो, त्याचं मार्गदर्शन पोरांना व्हावं म्हणून शाळेनं बोलावलं होतं. भाषण संपल्यावर हेडसर म्हणाले, "विचारा, विचारा, शंका विचारा." आणि पहिला हात वर गेला तो करुणाचा.

प्रश्नासरशी सगळ्या माना मंचाकडं वळल्या. कारण प्रश्न काही एकट्या सुकेशनीचा नव्हता. शेडला सगळ्यात जवळ घर तिचं. तिच्या घरी दिवसाढवळ्या मच्छरदाणीत बसून जेवतात, नाहीतर भाकरीवर माश्यांचं काळं फडकं पडतं. त्यांच्या आडाचं पाणी गेल्या पावसाळ्यापासून असं वास मारायला लागलं, की आता त्यानं कुणी पायसुद्धा धूत नाही. गावात कुजबुज होती. पण फेटेवाल्या पाहुण्याला तोंडावर विचारणार कोण? विचारलं ते त्याच्या पोरीनं.

कडूबा हसला. उठून पुढं आला. शर्टाच्या खिशातून त्यानं कागदाची पुडी काढली, तिच्यातून पिवळाजर्द भंडारा चिमटीत घेतला आणि हात वर केला.

"हा बिरोबाचा भंडारा. माझ्या शेडवर मर जवळपास नाय. एखाद-दुसरी झालीच तर खड्ड्यात जाते, चुन्याखाली. कोंबडीचं एक पीस जरी खड्ड्याबाहेर गेलं आसंल, तर बिरोबा माझं वाटोळं करो."

मेंढपाळाच्या घरात जन्मलेला माणूस आपल्या देवाचा भंडारा खोटा उचलत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. टाळ्यांचा कडकडाट झाला. विज्ञान दिनी हळदीच्या चिमटीवर टाळ्या, आणि वाजवायला सगळ्यात पुढं विज्ञानाच्या मॅडम!

"पोरगी माझीच हाय," कडूबा माइकवर म्हणाला. "बापालाबी सोडत नाय!"

सगळे हसले. करुणा तर फुलून गेली. पैजही जिंकली आणि बापही जिंकला, अजून काय पाहिजे?

"खोटं बोलला तुझा बाप," मंडपाबाहेर सुकेशनी म्हणाली.

"ए, भंडारा उचललाय त्यांनी!"

"मग आमच्या घरात वास काय भंडाऱ्याचा येतो का?"

घरी आल्यावर कडूबानं फेटा खुंटीला अडकवला. जेवला. हात धुतले. करुणा आईला, सुगंधाबाईला, सगळा प्रसंग हातवारे करून सांगत होती, तेवढ्यात तो दारातून म्हणाला, "लई इचारायचं होतं ना तुला, कुठं जातात? चल. दाखवतो."

ती चपला घालून निघालीसुद्धा. उत्साहानं.

शेडची करुणाला सवय होती. लोखंडी जाळीच्या आत पांढऱ्या कोंबड्यांचा समुद्र. समुद्र लाटा घेतो, हा नुसता धापा टाकतो. महिना-सव्वा महिन्यात या कोंबड्यांच्या अंगावर इतकं मांस चढतं, की पायांना ते पेलत नाही. मग त्या खाद्याच्या भांड्याशेजारी बसून राहतात, बसून खातात, बसल्या जागी हगतात, आणि खाली अंथरलेल्या ओल्या तुसानं त्यांच्या छातीची कातडी जळते. ज्या उठूच शकत नाहीत, त्यांची मुंडी पिरगाळायची. हे काम करुणाला चांगलं जमायचं. मनगटाचा एक झटका, की खेळ खलास. "नाव करुणा आणि काम बघा पोरीचं!" असं कंपनीचा सुपरवायझर म्हणायचा, आणि ती खूश व्हायची. मेल्या कोंबड्यांना धंद्यात 'मर' म्हणतात. रोज संध्याकाळी सुपरवायझरचा फोन यायचा आणि हॅलोच्याही आधी प्रश्न यायचा, "आज मर किती?" घरात हा शब्द उठता-बसता असायचा. दूध उतू गेलं तरी सुगंधाबाई म्हणायची, "झाली मर."

पण मर उचलून नेण्याचं काम कडूबा स्वतः करायचा. कुठं नेतो, ते करुणानं कधी पाहिलं नव्हतं. खरं तर कधी विचारलंही नव्हतं, आजपर्यंत.

त्या आठवड्यात उन्हानं फेब्रुवारीतच कहर केला होता. भर दुपारी लाइट जायची, पंखे बंद, पाण्याचे फवारे बंद, आणि पत्र्याखाली कोंबड्या चोची वासून एकमेकींवर चढून मरायच्या. खड्डा होता, नाही असं नाही. मुरमात जेसीबीनं खणलेला. पण तो केव्हाच भरून वर आला होता. पावसाळ्यात त्यात पाणी साचलं आणि ते झिरपत झिरपत उताराला गेलं. उताराला सुकेशनीचा आड.

शेडमागं वापरलेल्या तुसाचा ढीग होता, कोंबड्यांच्या विष्ठेनं काळा पडलेला. यालाच कोंबडखत म्हणतात, शेतकरी ट्रॉल्या लावून नेतात. कडूबानं फावड्यानं ढिगाचा वरचा थर बाजूला ओढला.

"हितं जातात," तो म्हणाला.

करुणानं पाहिलं. मग पुन्हा पाहिलं, कारण पहिल्यांदा तिला वाटलं की ढीग हलतोय. ढीग हलतच होता. अळ्यांनी.

"खड्डा भरला. दुसरा खणायला खडक लागला. कंपनीचा डॉक्टर म्हणला होता, मर खतात घालू नका, जनावरांना वाईट आसती. त्याला काय जातं म्हणायला?" कडूबानं घमेलं तिच्या पायाशी टाकलं. "ती बघ कालची रास. उचल आणि ह्यात घाल. वर तूस ओढ. ट्रॉली यायच्या आत झालं पायजे."

"मी?"

"माइक धरायला तूच होतीस ना?"

तिनं पहिल्या कोंबडीचे पाय धरून उचललं. उन्हानं शिजलेली होती ती. पाय हातात राहिले आणि कोंबडी खाली पडली. करुणा शेडच्या जाळीला धरून ओकली. शाळेत मिळालेले पेढे सगळे बाहेर पडले. कडूबा तोवर शांत उभा राहिला, अगदी न चिडता. ती तोंड पुसून वळल्यावर म्हणाला, "झालं? उचल."

तिनं उचललं. एकीमागून एक. हाताला काय लागतं हे बघायचं नाही, एवढं तिनं पहिल्या काही खेपांत शिकून घेतलं. सुगंधाबाई चहा घेऊन आली, तिनं नवऱ्याला कप दिला, पोरीकडं बघितलं आणि म्हणाली, "शाळेचा ड्रेस काढून तरी यायचा. आता हा डाग निघतो का?"

ट्रॉली आली, भरली, गेली. अर्धं खत कडूबाच्या स्वतःच्या वावरात पडलं, अर्धं नदीकाठच्या बद्रीनाथ पाटलाच्या.

"आता सांग तुझ्या मैत्रिणींना," कडूबा म्हणाला, "कुठं जातात ते."

दुसऱ्या दिवशी सुकेशनीनं विचारलंच. "काय गं, कळलं का मग?"

"खड्ड्यात," करुणा म्हणाली. "चुन्याखाली."

माइकवर बापाला घेरणारी ती, आणि घमेली भरणारीही तीच. हे दोन्ही एका तोंडानं सांगायचं कसं, हे तिला कळेना. हाताला तीन वेगवेगळे साबण लावून झाले, तरी वास यायचा. तो येतो की वाटतो, तेही कळेना.

आणि मग काका आला.

हनुमान काका म्हणजे कडूबाचा धाकटा भाऊ. घराण्यात आता एकटाच मेंढरं राखून होता. दिवाळीनंतर कळप घेऊन तो बाहेर पडायचा, फर्दापूरच्या अंगानं अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत जायचा, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचा. करुणाचा सगळ्यात लाडका माणूस. त्याच्या अंगाला मेंढरांचा वास यायचा, पण तो कुणी नाकाला ओढणी लावावी असा नव्हता. निदान करुणाला तसं वाटायचं.

"ए पैलवान!" त्यानं वेशीवरूनच हाळी दिली. "ऐकलं मी फर्दापुरात! आमची पोरगी चौघींना लोळवून आली म्हणं! आता माझ्या एका एडक्याशी खेळ बघू."

"एडका रडंल काका."

"रडू दे की. त्येलाबी कळू दे घरचं पाणी!"

काकू आवडाबाई मागून घोड्याचा लगाम धरून येत होती, घोड्यावर चूल, भांडी, आणि दोन नवी कोकरं पिशवीतून माना काढून बघत होती. करुणानं एक कोकरू उचलून छातीशी धरलं. किती दिवसांनी तिच्या हातात काहीतरी जिवंत, ऊबदार, न धापा टाकणारं आलं होतं.

आता मेंढरं बसवणं म्हणजे काय ते माहीत पाहिजे. रिकाम्या वावरात कळप काही रात्री बसवायचा, लेंड्या-मुतानं जमीन पोसते, आणि शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो. कोंबडखत आल्यापासून हे बोलावणं कमी झालं होतं. पण या घराची एक रीत होती. परतलेला कळप पहिल्यांदा बसायचा तो थोरल्या भावाच्या वावरात. तिथं धान्य घ्यायचं नाही, द्यायचं नाही. घरची बसवणी. ही रीत त्यांच्या आईनं घालून दिली होती, आणि ती गेल्यापासून दोघांनी एकदाही मोडली नव्हती.

ओट्यावर चहा घेताना कडूबा म्हणाला, "यंदा राहू दे हनुमान. खत टाकलंय मी वावरात. गरज नाय."

हनुमानाचा कप ओठाशी थांबला. "गरज? दादा, मी काय गरज बघून बसवतो व्हय?"

"तसं नाय..."

"मग कसं? लाज वाटायला लागली का मेंढरांची? गाडीवाला झाला तू. सांग तसं. सरळ पाटलाकडं नेतो."

इथं कडूबाला एकच वाक्य बोलायचं होतं. खतात मर आहे, मेंढरं घालू नको. पण भंडाऱ्याची गोष्ट हनुमानानं वेशीवरच ऐकली होती. बैलगाडीवाल्यानं, दुकानदारानं, सगळ्यांनी त्याला कौतुकानं सांगितली होती. 'तुझ्या भावानं कसा भंडारा उचलला, अन् मंडप कसा गप केला.' कडूबानं करुणाकडं बघितलं. करुणा कोकराच्या कानाशी खेळत होती. खत घाण आहे एवढंच तिला माहीत होतं. 'जनावरांना वाईट असतं' हे बापाचं वाक्य तिनं ओकारीच्या आधी ऐकलं होतं आणि ओकारीबरोबर विसरून गेली होती.

"बसव," कडूबा म्हणाला. "तुझंच वावर हाय."

संध्याकाळी मेंढरं वावरात शिरली आणि माना खाली घालून जी गुंतली, ती वर बघेनात. तुसात सांडलेल्या कोंबडीखाद्यातले मक्याचे दाणे होते. मेंढरं ते वेचून वेचून खात होती. "बघ, बघ," हनुमान हरखून बायकोला म्हणाला. "दादाच्या वावरात दाणं खातायत माझी मेंढरं. अन् ह्यो म्हणं गरज नाय!"

दोन-तीन दिवस छान गेले. मग एका सकाळी एक मेंढी उठली नाही.

हनुमानानं तिला पोटाखाली हात घालून उभं केलं. ती उभी राहिली, मागचे पाय लटपटले आणि खाली बसली. दुसरी चालता चालता बसली. दुपारपर्यंत वावरभर मेंढरं बसलेली, आणि बसलेल्यांच्या माना हळूहळू जमिनीवर टेकत चाललेल्या, कुणी आतून दोरी सैल सोडल्यासारख्या. ताप नाही, हगवण नाही, ओरडणं नाही. ओरडायला नरड्यात जोर लागतो, तोही गेला होता. पाणी पाजलं तर नाकातून परत यायचं. फक्त डोळे जागे. पिवळे, आडव्या बुबुळांचे डोळे सगळं बघत होते. हनुमान कुठं जातो, आवडाबाई कुठं रडते, कावळा किती जवळ आला.

कावळ्यांना फार लवकर कळतं. जनावर मेलंय की नाही याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं, ते हलतंय की नाही एवढंच ते बघतात. करुणा शाळेतून थेट वावरात आली तेव्हा बांधाकडच्या एका मेंढीच्या तोंडावर कावळा बसला होता. तिनं ढेकूळ फेकलं, तो उडाला, आणि मेंढीनं तिच्याकडं एका डोळ्यानं बघितलं. दुसऱ्याच्या जागी भोक होतं. मेंढी जिवंत होती. श्वास घेत होती. आपलं काय झालं ते तिला कळलं होतं आणि तिला मान वळवता येत नव्हती.

आवडाबाईनं आपलं लुगडं टराटरा फाडलं. पट्ट्या काढल्या. एकेका मेंढीच्या डोळ्यांवर ती बांधत चालली. करुणाही बांधायला लागली. पट्टी बांधताना गालाच्या लोकरीत हात जायचा आणि कातडीखाली सगळं गरम लागायचं, नेहमीसारखं गरम.

"आये, आये, आये," आवडाबाई प्रत्येकीला म्हणत होती, जणू एकच नाव सगळ्यांचं.

जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले. तरुण होते, शहरातल्या उस्मानपुऱ्यातून रोज ये-जा करणारे. त्यांनी मेंढीची जीभ बाहेर ओढली, ती तशीच बाहेर लोंबत राहिली. ते गुडघ्यावर बसले, जमिनीवरचं तूस हातात चोळलं आणि वर बघितलं.

"हे कोंबडखत आहे?"

"व्हय," कडूबा म्हणाला. तो बांधावर उभा होता.

"त्यात मेलेल्या कोंबड्या होत्या का? नीट आठवून सांगा. मेलेली कोंबडी सडते, तिच्यात विष तयार होतं. ते खतात उतरतं. त्यातलं काही खाल्लं तर जनावर असंच मान टाकतं. त्याला औषध नाही. पण कारण कळलं तर उरलेली वाचवता येतात. असल्या खताच्या वावरात पुन्हा घालायची नाहीत, एवढंच."

कडूबा तोंड उघडणार, तोच हनुमान उभा राहिला. मातीनं आणि मेंढरांच्या लाळेनं माखलेला.

"डॉक्टर, माझ्या भावानं गावासमोर भंडारा उचललाय. त्याच्या खतात मर नाय. नाय म्हन्जे नाय. दुसरं काय ते बघा तुम्ही."

डॉक्टरांना भंडाऱ्याचं कळलं नसावं. त्यांनी कडूबाकडंच बघितलं. करुणाच्या घशात शब्द आला. खरंच आला, पार दातांपर्यंत. त्याच वेळी बापाचा हात तिच्या खांद्यावर पडला. दाबला नाही, चिमटा नाही. नुसता ठेवला, शाळेतल्या फोटोत ठेवला होता तसा. आणि जिनं चौघींना लोळवलं होतं, तिच्या तोंडून हुंसुद्धा निघालं नाही.

"मर नव्हती," कडूबा म्हणाला.

"मग विषारी पाला असेल," डॉक्टर म्हणाले. "नमुना पुण्याला पाठवतो. यायला वेळ लागेल."

निम्मा कळप तसाच पडून पडून संपला. श्वास थांबेपर्यंत एकेक. जे मेंढरू सगळ्यात तगडं, त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. कोकरं मेलेल्या आयांना ढुशा देत राहिली, दूध येईना तर ओरडत राहिली. दोन दिवसांनी शेवटी हनुमान भावाच्या गळ्यात पडून रडला. "दादा, तुझ्या वावरात झालं रे. तुला दोष नको लावून घेऊ. माझंच कायतरी चुकलं आसंल बिरोबाचं." आणि कडूबानं त्याच्या पाठीवर थोपटलं.

करुणानं हे बघितलं. थोपटणारा हात तिनं नीट बघितला.

त्याच दुपारी बद्रीनाथ पाटलानं निरोप धाडला. उरलेली मेंढरं माझ्या नदीकाठच्या वावरात बसव, पाणी जवळ आहे, पालाही नाही, धान्यही देतो. हनुमान म्हणाला, देव माणूस. ऊन कललं की निघतो.

करुणा धावत घरी आली. कडूबा जेवायला बसला होता, सुगंधाबाई वाढत होती.

"पप्पा, काका पाटलाच्या वावरात चाललाय. आपलंच खत हाय तिथं."

"ठावं हाय."

"मग सांगा ना त्याला!"

"काय सांगू? भंडारा खोटा उचलला म्हणून सांगू?"

"मरतील ना ती पण!"

कडूबानं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला. कोंबडीचं कालवण होतं.

"मरू दे," तो म्हणाला.

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तुला नाय कळणार. किती वर्षं सांगतोय त्याला, शेड टाक. ऐकतो का? बाप जसा पाय फोडत हिंडला, तसाच हिंडतोय. ना घर, ना पोराबाळांची शाळा. मेंढरं हायत तवर तो हिंडणारच. संपली की बसंल एका जागी. माझ्या शेडला लागून त्याला शेड टाकून देतो. कंपनीशी मी बोलतो." त्याच्या आवाजात माया होती. खरीखुरी, धाकट्या भावाबद्दलची माया. करुणाला सगळ्यात जास्त भीती त्याच मायेची वाटली. "गेली ती गेली. राहिलीत ती गेली म्हणजे सुटला तो."

"मम्मी, ऐकतेस ना तू?"

सुगंधाबाईनं नवऱ्याच्या ताटात रस्सा वाढला. "तुझ्यामुळं झालं हे. कुणी सांगितलं होतं माइक धरायला? तू इचारलं म्हणून ह्यांना भंडारा उचलावा लागला. नायतर गपचूप सांगितलं आसतं भावाला. आता दोघा भावांत रगत सांडलेलं बघायचंय तुला? गप बस. हात धू, जेव."

हा घाव मात्र बरोबर लागला. कारण त्यात खरं होतं. थोडं होतं, पण होतं. करुणा भिंतीला टेकली. बाहेर ऊन कलायला लागलं होतं, आणि वेशीकडून मेंढरं हाकल्याचा आवाज येत होता. काकाचा आवाज बसका झाला होता, तरी तो कळपाला लाडीगोडीनं हाकत होता.

तिला पुन्हा ती बांधावरची मेंढी दिसली. बघणारा तो एक डोळा.

"उंबऱ्याबाहेर पाय टाकलास," कडूबा घास चावत म्हणाला, "तर तुझी शाळा बंद. शेडवर बसवीन. लगीन होईपर्यंत मरच उचलशील."

करुणानं सायकलची किल्ली खिळ्यावरून काढली. आपण घाबरलोय हे बापाला दिसतंय, हेही तिला दिसत होतं, आणि आता ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

"बसवा शेडवर. शाळा बंद करा. पण आत्ता ऐका दोघंबी," ती म्हणाली. "मी काकाकडं चाललेय. मेंढरं पाटलाच्या बांधावर पोचायच्या आत मी तिथं आडवी उभी राहणार. भंडाऱ्याचं मी काय बोलणार नाय, ते काकाला आपोआप कळंल. मी फक्त एवढंच सांगणार, की खतात मर हाय आन् ती माझ्या हातानं भरलीय. मग तो मला तुडवू दे, नाय तर तुम्हाला येऊन तुडवू दे. पण त्या वावरात एकबी मेंढरू मी जाऊ देणार नाय."